ओपन हील फिन्स घेऊ का फुल फूट? आधी अंदमानला कोर्स, मग मालवण

कृष्णाकाठचा_गडी (सांगली):

नमस्कार मंडळी. लहानपणापासनं कृष्णेत पोहतोय, उन्हाळ्यात सकाळी घाटावरनं आत शिरायचं आणि पलीकडच्या काठाला हात लावून परत यायचं हे ठरलेलंच, त्यामुळं पाण्याची भीती अशी नाही. पण फिन्स (पायात घालायची रबरी पाती) घालून पोहायची सवय शून्य. डिसेंबरमध्ये मी आणि मावसभाऊ अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर ओपन वॉटर (स्कूबाचा पहिला) कोर्स करायला चाललोय आणि त्यानंतर जमेल तसं मालवण, कारण सांगलीतनं समुद्र म्हटलं की तेच बरं पडतं, पहाटे निघालं की दुपारच्या जेवणाला तिथं.

कोर्सला सगळं सामान मिळतं हे माहितीय. पण मास्क आणि फिन्स तरी स्वतःचे असावेत असं जो तो सांगतोय. मास्क घेऊन झाला, फिन्सवर गाडी अडलीय. एका दुकानदाराला फोन केला तर म्हणाला फुल फूट (टाचेसकट अख्खा पाय आत जातो ते, अनवाणी घालायचे) घ्या, आपल्या गरम पाण्यात दुसरं कशाला पाहिजे. मेव्हणा दुबईला असतो, तिकडं डाइव्ह करतो, तो म्हणतोय ओपन हील (टाच उघडी, मागं पट्टा असलेले) आणि त्यात घालायचे डाइव्हिंगचे रबरी बूटच घे, मी येताना घेऊन येतो, फुल फूट म्हणजे पोरांचं खेळणं. दोघंही आपापल्या जागी ठाम आणि मी मधी लोंबकळतोय.

माझा पाय ९ नंबर पण पंजा जाम रुंद हाय, बूट घेताना दरवेळी एक नंबर वरचा घ्यावा लागतो. बजेट दहा हजारापर्यंत, अगदीच वाटलं तर थोडं वर. ओपन हीलनं किकला जोर जास्त मिळतो म्हणतात ते खरं का? आणि त्या बुटात पाय उकडून निघत नाही का आपल्याकडं?


यवतेश्वरचा_वारा (सातारा):

फुल फूट. डोळे झाकून.

अंदमानचं पाणी डिसेंबरात पण २७-२८ डिग्री असतं, तिथं पायाला थंडी वाजायचा प्रश्नच नाही मग बूट कशासाठी? बोटीवर बसायचं, पायाला थोडं पाणी लावायचं, फिन्स चढवायचे, मागं पाठीवर पडायचं की झालं. वर येताना शिडीला हात धरून फिन्स काढून बोटवाल्याच्या हातात द्यायचे आणि अनवाणी चढायचं. बूट, त्यांची चेन, स्ट्रॅप, बकल, एवढी भानगड कोणी सांगितलीय.

दुसरं म्हणजे वजन. बहुतेक डोमेस्टिक फ्लाइटला चेक-इनला १५ किलो मिळतात. फुल फूटची जोडी हलकी असते आणि त्याच्या पायाच्या खोबणीत मोजे, चार्जर, काय वाट्टेल ते कोंबता येतं. ओपन हील घेतले की ते स्वतः जड, वर बूट, आणि परतीच्या दिवशी बूट ओले असले की त्यांचं वजन वेगळं आणि वास वेगळा. घरी बॅग उघडली की बायको बाहेरच उभं करते, हे अनुभवाचे बोल.

मेव्हण्याचं त्याच्या जागी बरोबर आहे, दुबईकडं जानेवारी-फेब्रुवारीत पाणी वीस-बावीसला येतं, तिथं बूट लागणारच. तू तिथं डाइव्ह करणार नाहीस.


जांभा_दगड (सांगली, कामानिमित्त सिंधुदुर्गात येणंजाणं):

वरच्या भावाचं बोटीपुरतं खरं हाय पण त्यानं प्रश्न अर्धाच वाचलाय. पुढं मालवण लिहिलंय की.

एकदा पाण्यात गेल्यावर या दोन्हीत नवख्याला कळण्यासारखा फरक फार थोडा. सगळं भांडण पाण्याबाहेरचं हाय. तुम्ही पाण्यात कुठनं उतरणार, कुठं चालणार, पायाखाली काय असणार, एवढं बघा म्हणजे उत्तर आपोआप येतं. मालवणच्या किनाऱ्याला वाळू पण हाय आणि खडक पण हाय, आणि खडकाला कालवं धरलेली असतात. कालवाच्या शिंपीची धार ज्यानं पायाला लावून घेतलीय त्याला विचारा. पाय ओला असतो, कातडी मऊ पडलेली असते, कापलेलं लगेच कळत पण नाही, वर आल्यावर रक्त दिसतं आणि मग मिठाचं पाणी लागून जी आग होते ती वेगळीच. समुद्री साळू म्हणजे ते काळे काटेवाले गोळे, ते पण खडकाच्या सांदीत असतात, तो काटा आत मोडला की झालं. फुल फूट घालून चालता येत नाही, काढले की अनवाणी, म्हणजे पाण्यापर्यंतचं आणि पाण्यापासनंचं सगळं अंतर उघड्या पायानं. पाठीवर सिलिंडर, कमरेला शिसं, लाट मागनं ढकलतीय, आणि पायाखाली कालवं. करा विचार.

अंदमानला पण सगळं बोटीवरनं असतं असं समजू नका. हॅवलॉकला नीमो रीफ म्हणून जागा हाय, शिकाऊ लोकांना बऱ्याचदा तिथंच नेतात, आणि ती किनाऱ्यावरनं चालत जायची. वाळू हाय पण मधी मेलेल्या प्रवाळाचे तुकडे पण असतात.

बुटात उकडत नाही. आपल्याकडं ३ मिलिमीटरचे पुरतात, ५ चे थंड पाण्यासाठी. बोटीवर उन्हात बसलं तर जरा गरम होतं, पायावर तांब्याभर पाणी ओतायचं. उलट बोटीचा पत्रा दुपारी असा तापतो की अनवाणी माणूस नाचत शिडीपर्यंत जातो, तेव्हा बूटवाला शांत असतो.


गुमास्ता (मिरज):

आधी कोर्स तर होऊ दे राव. कान दाबले म्हणून दुसऱ्या दिवशी घरी आलेली माणसं बघितलीत मी, नवे कोरे फिन्स कपाटात.


मेणवलीचा_पाणबुड्या (मूळ वाई, आता समुद्राजवळच मुक्काम):

मी शिकवायचं काम करतो त्यामुळे हा वाद रोज कानावर येतो. दोन-तीन गोष्टी जरा नीट सांगतो, लांबेल.

"फुल फूट म्हणजे पोरांचं खेळणं" हे मेव्हण्यांचं म्हणणं मात्र अजिबात पटलं नाही. फिनचं पेटंट १९३३ साली फ्रान्समध्ये लुई द कोर्लियू नावाच्या नौदलातल्या अधिकाऱ्यानं घेतलं, मग १९४० च्या सुमारास अमेरिकेत ओवेन चर्चिलनं ते विकायला सुरुवात केली. टाचेसकट अख्खा पाय आत घेणारा फिन नंतर आला, १९५० च्या दशकात इटलीच्या क्रेसी कंपनीनं रोंदिने नावानं काढला, आणि त्यामागं डोकं होतं लुइजी फेरारोचं, जो दुसऱ्या महायुद्धात इटालियन नौदलाचा पाणबुड्या होता, शत्रूच्या जहाजांना पाण्याखालून स्फोटकं लावणारा. आता याला खेळणं म्हणायचं असेल तर म्हणा. आजही एका श्वासावर खोल जाणारे फ्रीडाइव्हर बहुतेक लांब पात्याचे फुल फूटच वापरतात, कारण पाय आणि पातं यांच्यात मधे काहीच नसतं, मारलेली किक वाया जात नाही.

म्हणजे ओपन हीलनं जोर जास्त मिळतो हे त्या रूपात खोटं आहे. जोर पात्याचा असतो. पातं किती लांब, किती ताठ, बाजूला रबराच्या कडा आहेत का, मधे पन्हळी आहेत का, यावर ते ठरतं. दुकानात होतं काय, ओपन हीलमध्ये ताठ आणि रुंद पाती जास्त दिसतात आणि फुल फूटमध्ये मऊ, स्नॉर्कलिंगवाली (पाण्यावर तरंगत नळीनं श्वास घेत खाली बघायचं, त्यासाठीची) जास्त दिसतात, म्हणून लोकांचा तसा समज होतो. मारेसचं अवांती क्वाट्रो दोन्ही प्रकारात मिळतं, जवळपास तसलंच पातं, एकाला टाच बंद आणि एकाला उघडी. दोन्ही घालून बघितले की जोराचा वाद संपतो. आणि नवख्यानं ताठ पात्याच्या मागं लागूच नये. नदीत पोहणारा माणूस पायातून गुडघ्याचा झटका देतो, तो फिन्स घालून दिला की सायकल चालवल्यासारखा प्रकार होतो, पुढं सरकत काही नाही आणि दहा मिनिटांत पोटरीत गोळा येतो. किक मांडीतून यायला पाहिजे, गुडघा जवळजवळ सरळ. गोळा आलाच तर फिनचं टोक हातानं धरून स्वतःकडं ओढायचं आणि पाय सरळ करायचा, कोर्समध्ये हे शिकवतातच.

तुमच्या केसमध्ये खरा मुद्दा रुंद पंजा आहे आणि त्यावर अजून कोणी बोललं नाही. फुल फूट ४२-४३, ४४-४५ अशा जोडनंबरात येतात आणि त्यात पाय मागंपुढं करायला काही वाव नसतो. लांबीला बसला आणि रुंदीला आवळला तर अर्ध्या तासात करंगळीच्या बाजूला बधिर व्हायला लागतं. रुंदीला बसावा म्हणून मोठा घेतला तर टाच सुटते आणि घासून घासून फोड येतो, आणि कोर्सच्या दुसऱ्या दिवशी त्याच फोडावर तोच फिन चढवायचा असतो. पातळ निओप्रीनचा (डाइव्हिंगच्या सूट-बुटाचं फोमसारखं रबर) किंवा लायक्राचा मोजा घालून थोडं सांभाळता येतं पण तेही थोडंच. ओपन हीलला पायाची खोबण बुटाच्या मापाची असते, मागून स्ट्रॅप ओढून घेता येतो, त्यामुळे रुंद पायाची सोय होते. तुम्हाला तरी माझा कौल ओपन हीलला. सातारकरांचा पाय निमुळता असेल, त्यांना त्यांचं लखलाभ.


यवतेश्वरचा_वारा (सातारा):

सर पाय निमुळता नाही, बजेट निमुळतं आहे. बूट धरले तर खर्च सहज दीडपटीच्या वर जातो हे पण सांगा त्यांना. रुंद पंजाचं मात्र मान्य, ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं.


कराडची_आई (कराड):

मधेच विचारते, रागवू नका. मुलगी ११ वर्षांची आहे, प्रीतिसंगमाजवळ लहानाची मोठी झाली पण पोहायला टाकीत शिकली. मेमध्ये सगळे तारकर्लीला जाणार आहोत, तिला स्नॉर्कलिंगसाठी फिन्स हवेत. दरवर्षी पाय वाढतो तिचा, काय घेऊ? आणि तिथं जे स्कूबा करवतात त्याला फिन्स लागतात का?


मेणवलीचा_पाणबुड्या:

ताई, स्नॉर्कलिंगचे आखूड पात्याचे, मागं स्ट्रॅप असलेले आणि अनवाणी घालता येणारे फिन्स मिळतात, डेकॅथलॉनच्या सुबिया ब्रँडमध्ये पण बघायला मिळतील. त्यात एक साइज दोन-तीन नंबरांना चालते, वाढत्या पायाला तेच बरे. मोठे होतील म्हणून दोन नंबर मोठे फुल फूट आणू नका, पाण्यात निघून जातात.

पर्यटकांना जे वीस-पंचवीस मिनिटांचं स्कूबा करवतात त्यात बऱ्याच ठिकाणी पायात फिन्स देतच नाहीत, मागून माणूस धरून फिरवतो. वयाची अट मात्र विचारून घ्या, साधारण दहा वर्षांखाली नेत नाहीत. आणि तिनं सर्दी झाली असेल तर त्या दिवशी स्नॉर्कलच करावं, कान दुखतात. पाण्यात उभं राहून फिन्स आपटू नको एवढं तिला नक्की सांगा, प्रवाळाची एक फांदी वाढायला वर्षं लागतात आणि एका लाथेत मोडते. वन्यजीव कायद्यात प्रवाळ संरक्षित आहे, तुकडा उचलून आणणं पण गुन्हा आहे.


महापूर_गडी (पलूस):

मी डाइव्हर वगैरे नाही. २०१९ च्या पुरात आणि परत २०२१ ला गावातली आम्ही पोरं बोटीवर होतो, त्यानंतर थोडं ट्रेनिंग झालं, आता कुठं कोणी बुडालं की आम्हाला फोन येतो. म्हणून नदीचं सांगतो, कारण धागा टाकणारा गडी कृष्णेत पोहतो म्हणतोय आणि फिन्स आले की पहिलं तो घाटावर घेऊन जाणार हे मला दिसतंय.

नदीत ओपन हील आणि बूटच, दुसरा विचार नको. काठाला काय नसतं, बाटल्यांच्या काचा, बाभळीचे काटे, मूर्तींच्या सळ्या, तारा. गाळात पाय घातला की आत काय हाय ते दिसत नाही. बूट पण कडक तळाचे, मऊ तळाच्या बुटातनं काटा आरपार येतो. आणि फिन्स घालून काठानं चालत जायचंच नाही, कमरेएवढ्या पाण्यात जायचं, एकानं दुसऱ्याच्या खांद्याला धरायचं आणि मग घालायचे, चालायचं झालंच तर उलटं, पाठ पाण्याकडं करून.

पाण्याखाली गाळ असला की वरखाली पाय मारले की सगळं गढूळ, स्वतःचा हात दिसत नाही. तिथं बेडकासारखे पाय बाजूला मारायचे, पाण्याचा झोत मागं जातो, खाली जात नाही. आम्हाला शिकवणाऱ्यानं हे पहिल्या दिवशी घोटून घेतलं होतं. त्याला आखूड, ताठ, जड रबरी फिन्स बरे पडतात, स्कूबाप्रोच्या जेट फिनसारखे, १९६० च्या दशकातनं तेच डिझाइन चालत आलंय. पण ते बुडतात, हातातनं सुटला तर गेला, आणि फिरायला जाणाऱ्या माणसाला बॅगेत नकोसे होतात.

आणि एक, फिन्स आलेत म्हणून पाणी वाढलेलं असताना आयर्विन पुलावरनं उडी टाकायचं डोक्यात आणू नका. पुराच्या पाण्याला फिन्सनं काही फरक पडत नाही, उलट झाडाच्या फांदीत, तारेत पातं अडकलं की माणूस तिथंच.


कृष्णाकाठचा_गडी (सांगली):

बापरे, एवढी उत्तरं येतील वाटलं नव्हतं. काका, पुरात उडी वगैरे नाही, घरात आई हाय, ती आधी बुडवंल मला. पण घाटावर घेऊन जाणार होतो हे तुम्ही बरोबर ओळखलं.

पाणबुड्या सरांचं पंजाचं वाचून काल एका ओळखीच्याकडनं त्याचे फुल फूट आणून घालून बघितले, ४४-४५ होते. लांबीला बरोबर, पण करंगळी खरंच दबत होती आणि ते पण कोरड्या जमिनीवर खुर्चीत बसून. पाण्यात काय झालं असतं देव जाणे. तर आता ओपन हीलकडं मन झुकलंय पण बजेटचं गणित बसत नाही, आणि मेव्हण्याला तिकडनं माप न घेता आणायला सांगायची भीती वाटते. बूट एक नंबर मोठा सांगू का?


जांभा_दगड:

माप न घेता फिन्स मागवू नका, बूट मागवा. क्रम तोच हाय, आधी बूट, मग बूट घालून फिन. ओपन हीलचे फिन्स एस, एम, एल असे येतात आणि कुठल्या बुटाला कुठली साइज बसेल हे बूट किती जाड त्यावर पण असतं, ५ मिलिमीटरच्या बुटाला एम आवळतो तिथं ३ ला सैल पडतो. कंपन्यांची मापं एकमेकाला जुळत नाहीत ते वेगळंच.

बूट एक नंबर मोठा नको. मोठ्या बुटात पाणी खळखळतं, आत वाळू जाते, फिनच्या आत पाय फिरतो आणि मग कितीही चांगला फिन असला तरी किक ढिली. बूट घट्ट पाहिजे पण बोटं सरळ राहिली पाहिजेत. संध्याकाळी माप घ्या, पाय थोडे सुजलेले असतात. कागदावर पाय ठेवून पेन्सिलनं रेघ मारा आणि लांबी-रुंदी दोन्ही मेव्हण्याला सेंटिमीटरमध्ये पाठवा, नंबर पाठवूच नका, नंबराचा घोळ होतो. कोल्हापुरी पहिल्या आठवड्यात चावते म्हणून आपण सोडून देत नाही, पण बूट चावला तर तो तसाच चावत राहणार, निओप्रीन फारसं पसरत नाही.

फिन घालून बघताना बसून पाय वर उचलायचा आणि हलवायचा. बुटाची टाच फिनच्या खोबणीतनं मागं थोडी बाहेर राहिली तरी चालते, पण पायाचं मधलं हाड खोबणीच्या काठावर दाबलं जायला नको. आणि स्ट्रॅप शक्यतो स्प्रिंगचा बघा, किंवा नंतर बसवून घ्या. रबरी स्ट्रॅप एप्रिल-मे मध्ये गाडीच्या डिकीत राहिला की चिरतो, आणि तुटतो तो बरोबर बोटीवर तयार होताना तुटतो. स्प्रिंगला बकल नाही, ओढायचं आणि सोडायचं. फुल फूटला ही कटकट नाही हे मान्य करावं लागेल, पण त्याचं टाचेचं रबर फाटलं की अख्खा फिन गेला.


मेणवलीचा_पाणबुड्या:

वर सगळं बरोबर सांगितलंय. पैशाचा मार्ग असा निघतो: आत्ता फक्त बूट घ्या, ते बजेटच्या बऱ्याच आत बसतात. अंदमानच्या सेंटरला मेल करून विचारा की फिन्स कुठले देतात, काही ठिकाणी फुल फूट असतात काही ठिकाणी ओपन हील. ओपन हील असतील तर तुमच्या बुटावर त्यांचे फिन्स, रोज वेगळी जोडी मागून बघा, कोणी नाही म्हणत नाही. चार दिवसांत कुठलं पातं पायाला मानवतं ते कळेल आणि परत आल्यावर निवांत फिन्स घ्या.

एक लक्षात असू द्या, निओप्रीनचे बूट पाण्यात वर तरंगायला बघतात, त्यामुळे पहिल्या डाइव्हला पाय डोक्याच्या वर जातायत असं वाटेल. नदीचं पाणी गोडं, समुद्राचं खारं, खाऱ्यात माणूस आधीच जास्त तरंगतो. घाबरू नका, इन्स्ट्रक्टरला सांगा, तो शिशाची जागा बदलून देईल. जरा जड फिन्स घेतले की हे आपोआप सुधारतं, पण मग पातळ शॉर्टीमध्ये (आखूड हातापायाचा डाइव्हिंग सूट) पाय खाली खेचले जातात, म्हणून मधलं वजन बरं.


दम_धरा (सातारा, दवाखाना):

फिन्सचा विषय नाही पण इथं सगळे सांगली-साताऱ्याचे आहेत म्हणून लिहितो. मालवणला दुपारपर्यंत डाइव्ह संपवून लगेच गाडी काढतात आणि फोंडा किंवा आंबोली चढून रात्री घरी, असं बरेच जण करतात. डाइव्हनंतर विमानात बसू नये हे सगळ्यांना माहीत असतं, डाइव्हर्स अलर्ट नेटवर्क म्हणजे डॅनचा सल्ला असा की वर येताना मधे थांबे न लागणारी एकच डाइव्ह असेल तर किमान १२ तास आणि एकापेक्षा जास्त किंवा रोज रोज केल्या असतील तर किमान १८ तास. पण कारण विमान नाही, कारण उंची आहे, वर हवेचा दाब कमी होतो आणि डाइव्हमध्ये अंगात विरघळलेल्या वायूचे बुडबुडे होऊ शकतात. तो सल्ला साधारण २००० फुटांच्या, म्हणजे ६१० मीटरच्या वरच्या उंचीला लागू धरतात. आंबोली ६९० मीटरच्या आसपास आहे, सातारा शहर ७०० च्या पुढं. सांगली ५५० च्या आसपास, म्हणजे घर खाली असलं तरी वाटेतला घाट वर आहे.

वीस मिनिटांच्या उथळ पर्यटक डाइव्हला धोका कमी, पण कोर्स झालेली माणसं दिवसाला दोन-तीन डाइव्ह करायला लागली की रात्रीचा मुक्काम खालीच करा आणि दुसऱ्या दिवशी घाट चढा. सांधे दुखणं, अंगावर चट्टे, हातापायाला मुंग्या असं काही वाटलं तर "दगदग झाली" म्हणून झोपू नका, डॉक्टरला डाइव्ह केल्याचं आवर्जून सांगा.


कृष्णाकाठचा_गडी (सांगली):

डॉक्टर हे खरंच माहिती नव्हतं, आमचा बेत अगदी असाच होता, दुपारी डाइव्ह आणि रात्री सांगली. मुक्काम वाढवतो, मासे खायला अजून एक रात्र मिळाली.

फायनल असं: मेव्हण्याला ३ मिलिमीटरचे, कडक तळाचे बूट सांगितले, कागदावर दोन्ही पायांची रेघ मारून फोटो पाठवला. उजवा पाय डाव्यापेक्षा जरासा मोठा निघाला, तर मोठ्याचं माप धरायला सांगितलंय. मेव्हणा खूश, कारण त्याला वाटतंय तोच जिंकला. सेंटरचा मेल आला, त्यांच्याकडं दोन्ही प्रकार हायत. मावसभावाचा पाय किडकिडीत हाय, तो फुल फूटच घेतोय, म्हणजे सातारकर पण जिंकले. शेवटचं, बूट वाळवायचे कसे? वासाचं वर वाचलं आणि आमचं घर अपार्टमेंटमध्ये.


यवतेश्वरचा_वारा (सातारा):

जिंकलो एकदाचा. मावसभावाला सांग लायक्राचे मोजे घे, टाच घासली तर माझ्या नावानं शिव्या नकोत.

बुटाचं सांगतो, बायकोचे बूट मीच धुतो म्हणून अनुभव आहे. समुद्रातनं आलं की गोड्या पाण्याच्या बादलीत चेन उघडून तासभर बुडवून ठेवायचे, नुसतं वरनं पाणी मारून खार जात नाही. मग आत-बाहेर उलटे करता येतील तेवढे करून सावलीत, पंख्याखाली उलटे टांगायचे. गच्चीवर उन्हात टाकले की निओप्रीन कडक होतं आणि गोंद सुटतो. चेनला अधूनमधून मेण चोळायचं. फिन्स पण सावलीतच, आणि पात्यावर उभे करून भिंतीला टेकवायचे नाहीत, वाकतात. नवीन घेतले की आत जो प्लॅस्टिकचा साचा येतो तो टाकून देऊ नका, फुल फूटला तर नाहीच नाही, ठेवताना तोच आत घालायचा.